दोष हाताचा की यंत्राचा? एका गोल भोकाचा इतिहास

जेसीबी बंद करताना बकेट जमिनीला टेकवूनच चावी काढायची, असा नियम आहे. घाईत कधीतरी ती वर राहते. सकाळी बघावं तर बकेट वीतभर खाली आलेली असते. रात्रीतून कुणी हात लावलेला नसतो. आत दाबाखाली अडवून ठेवलेल्या तेलानं कुठून तरी वाट काढलेली असते. कधी व्हॉल्व्हमधून, कधी झिजलेल्या सीलवरून, कधी सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर पडलेल्या ओरखड्यातून. मालकाचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: "काल गाडीवर कोण होतं?"

हा प्रश्न निदान अडीचशे वर्षं जुना आहे. लोखंडात मोठं, लांब आणि खरोखर गोल भोक पाडायची गरज माणसाला पडली, तेव्हापासून भोक बिघडलं की आधी कुणाचे तरी हात बघितले जातात. मी सहा वर्षं भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये हायड्रॉलिक सिलिंडरच्या होनिंगवर तपासणीचं काम केलं. पुढे या धंद्याचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा दिसलं की आमच्या मशीनचे बहुतेक आजार कुणाला ना कुणाला आधीच होऊन गेले होते. हा लेख त्या आजारांबद्दल आहे.

होनिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते 'आतून पॉलिश' वाटतं. सिलिंडरच्या नळीत एक डोकं जातं. त्याच्या अंगाला खडूसारख्या लांबट, खरखरीत कांड्या बसवलेल्या असतात. शॉपमध्ये त्यांना नुसतं 'स्टोन' म्हणतात. डोकं फिरतं आणि फिरता फिरता पुढेमागे जातं. आतला शंकू ढकलला की स्टोन बाहेर सरकून भिंतीवर दाबले जातात आणि घासायला लागतात. फिरणं आणि पुढेमागे जाणं एकत्र आल्यामुळे भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी उमटते. मोबाईलचा टॉर्च नळीत मारला तर ती छान दिसते, पण ती शोभेसाठी नसते. त्या रेघा तेल धरून ठेवतात आणि सील त्या तेलावरून सरकतं. भिंत खरखरीत राहिली तर सील कापलं जातं. आरशासारखी गुळगुळीत झाली तर तेल टिकत नाही, सील कोरडं घासतं आणि तेही लवकर मरतं.

आता मापाचं बघा. १०० मिलिमीटरच्या बोअरला हायड्रॉलिकमध्ये नेहमी मागतात तो एच-८ टॉलरन्स ५४ मायक्रॉनचा असतो. म्हणजे भोक १०० पेक्षा लहान नको आणि १००.०५४ पेक्षा मोठं नको. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. नळीत कुठंही मोजा, टोकाला, मध्यावर, उभं, आडवं, सगळा फरक एका केसाच्या आत बसला पाहिजे.

अठराव्या शतकात कुणी असं मागितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. थॉमस न्यूकमेनचं वाफेचं इंजिन १७१२ पासून इंग्लंडच्या खाणींतलं पाणी उपसत होतं. त्याचा सिलिंडर आतून चांगलाच ओबडधोबड असे, तरी काम निभावून जाई. कारण दट्ट्याच्या डोक्यावर पाण्याचा एक थर ठेवलेला असे. दट्ट्या आणि भिंत यांच्यामधली फट ते पाणी बुजवून टाके. वाकडेपणा होता, पण तो पाण्याखाली झाकलेला होता आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मग १७६५ मध्ये जेम्स वॅटला सुचलं, की वाफ सिलिंडरमध्ये थंड करायचीच नाही, तिच्यासाठी वेगळं भांडं जोडायचं. १७६९ मध्ये त्यानं पेटंटही घेतलं. शाळेत आपण हे 'वॅटनं इंजिन सुधारलं' एवढ्या एका वाक्यात शिकतो. त्या सुधारणेनं सिलिंडर बनवणाऱ्यांवर काय आणलं, ते पुस्तकात येत नाही. वॅटला सिलिंडर कायम गरम हवा होता, म्हणून दट्ट्यावर गार पाणी ठेवून चालणार नव्हतं. पाणी गेलं आणि फट उघडी पडली. ओतशाळा तीच होती, हत्यारं आणि माणसंही तीच, पण कालपर्यंत खपणारं काम आज बाद ठरलं. मला हा क्षण या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो, आणि तो शोध लागण्याचा क्षण नसून तक्रार सुरू होण्याचा क्षण आहे.

स्कॉटलंडमध्ये किनील इथं वॅटनं १८ इंच व्यासाच्या कथलाच्या सिलिंडरचं इंजिन उभं केलं. फटीत त्यानं काय काय कोंबून पाहिलं! वाख, तेलात भिजवलेल्या चिंध्या, कागदाचा लगदा, जुन्या हॅटचा नमदा. वाफ गळायची ती गळतच राहिली. त्याच्या त्या वर्षांतल्या पत्रव्यवहारात पत्र्याचं काम करणारा त्याचा जुना कारागीर वारल्याची हळहळ आहे. मात्र उल्लेख आहे तो नुसता 'जुना पत्रेवाला' असा.

त्या काळातला ब्रिटनमधला नावाजलेला अभियंता म्हणजे जॉन स्मीटन. वॅटचं यंत्र पाहून त्यानं मत दिलं असं सांगतात, की इतकं नेमकं काम करतील अशी हत्यारंही नाहीत आणि कारागीरही नाहीत. गंमत म्हणजे त्या वेळचं सिलिंडर कोरायचं एक उत्तम यंत्र खुद्द स्मीटननंच केलं होतं, १७७० च्या आसपास, फॉलकर्कजवळच्या कॅरन कारखान्यासाठी.

त्या यंत्राची अडचण समजून घ्यायला इंजिनिअर असायची गरज नाही. हाताची मूठ पुढे करून एक जड काठी एका टोकाला धरा. दुसरं टोक खाली झुकतं. पाणचक्कीवर फिरणारा लांब दांडा, त्याच्या टोकाला पाती बसवलेलं जड डोकं, आणि ते डोकं सिलिंडरच्या आत. वजनानं ते खाली झुके आणि खालची बाजू जास्त कापली जाई. स्मीटननं यावर चांगला उपाय काढला होता. डोक्याखाली त्यानं चाकांची छोटी गाडी दिली. ती सिलिंडरच्या आतच चाले आणि डोक्याचं वजन उचलून धरे. पण गाडीला चालायला रस्ता कुठला? ओतकामातून आलेला तोच खडबडीत पृष्ठभाग. रस्त्याला उंचवटा आला की गाडी उचलली जाई आणि पातंही तिच्याबरोबर उचललं जाई. म्हणजे मूळ नळी जशी वाकडी, तसंच नवं भोकही वाकडं. या यंत्रावर जगातला सगळ्यात हुशार कारागीर उभा केला असता तरी त्यानं काय केलं असतं?

हे कोडं सुटलं नॉर्थ वेल्समधल्या बर्शमला, जॉन विल्किन्सनच्या कारखान्यात. विल्किन्सन लोखंडानं झपाटलेला माणूस होता. १७८७ मध्ये त्यानं लोखंडी नाव पाण्यात सोडली, आणि स्वतःसाठी लोखंडाची शवपेटी करवून घेतली. १७७४ मध्ये त्यानं तोफा कोरायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यात भरीव ओतलेली तोफच फिरवायची आणि हत्यार सरळ पुढे सरकवायचं, अशी योजना होती. सिलिंडरचं काम वेगळं होतं. तोफ एका बाजूनं बंद असते, सिलिंडर दोन्हीकडून उघडा. मग दांडा सिलिंडरच्या आरपार घालून बाहेर दोन्ही टोकांना टेकवता येतो. विल्किन्सननं तेच केलं. दांडा झुकायचा थांबला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पात्याला आता नळीच्या भिंतीवर विसंबावं लागेना. भिंत कशीही असो, पातं दांड्याच्या रेषेत चालणार.

१७७५ मध्ये बर्शमचा पहिला लोखंडी सिलिंडर वॅट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांना मिळाला आणि किनीलच्या इंजिनचा कथलाचा सिलिंडर निवृत्त झाला. १७७६ मध्ये टिप्टनच्या खाणीवर ५० इंची सिलिंडरचं इंजिन चालू झालं. बोल्टननं समाधानानं लिहून ठेवलंय, की या सिलिंडरमधली चूक कुठंही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीसुद्धा नाही. शिलिंगची जाडी मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर धरा. आमच्या शॉपमधून असा सिलिंडर गेला असता तर तो त्याच टेम्पोतून परत आला असता. पण सव्वा मीटर रुंदीच्या भोकात, पाणचक्कीच्या बळावर, एवढी चूक म्हणजे त्या काळी जवळजवळ शून्यच. बर्शमचे कामगार कॅरनच्या कामगारांपेक्षा जन्मजात कुशल होते, असं कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यांना दिलेला दांडा दोन्ही टोकांना धरलेला होता, एवढंच.

वाफेवरून तेला-पाण्याच्या दाबाकडे यायला पुढची वीस वर्षं लागली. १७९५ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामानं हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. आजच्या जेसीबीचा आणि टिपरचा हा पणजोबा. तत्त्व साधं: बारीक नळीत थोडं बळ लावा, ते पाण्यातून रुंद नळीत पोचतं आणि तिथं कितीतरी पट होतं. कागदावर सगळं बरोबर होतं, पण यंत्र नीट चाले ना. जाड दांडा जिथून बाहेर येतो तिथली चुंबळ घट्ट आवळली तर पाणी अडे, पण काम झाल्यावर दांडा मागे यायचं नाव घेत नसे. सैल केली तर दांडा छान सरके, पण पाणी गळे.

ब्रामाच्या हाताखाली हेन्री मॉड्सली नावाचा तरुण होता. अठराव्या वर्षी, १७८९ मध्ये, कामाला लागलेला. पुढे मॉड्सलीकडे काम केलेल्या जेम्स नास्मिथनं या कोड्याच्या उत्तराचं श्रेय मॉड्सलीला दिलं आहे. उत्तर होतं चामड्याची एक वाटी. वाटीच्या पोकळ बाजूला दाबाचं पाणी येऊ द्यायचं. दाब वाढला की पाणीच वाटीच्या कडा फाकवून दांड्यावर घट्ट बसवतं. दाब गेला की कडा आपोआप सैल पडतात. दाबालाच राखणदार नेमलं. आज चामड्याच्या जागी पॉलियुरेथेन आणि नायट्राइल रबर आलं, पण ओठवाल्या सीलचा छेद घेऊन बघा, आत तीच वाटी दिसेल.

१७९७ मध्ये मॉड्सलीनं पगारवाढ मागितली. आठवड्याला ३० शिलिंग मिळत होते, घरी बायको-मुलं होती. ब्रामानं नकार दिला. मॉड्सली बाहेर पडला आणि स्वतःचा कारखाना काढून इतका मोठा झाला, की पुढच्या पिढीतले व्हिटवर्थ, नास्मिथ, रॉबर्ट्स असे बडे यंत्रकार त्याच्या कारखान्यात तयार झाले. कारागिराचं नाव इतिहासात उरायला त्याला आधी मालक व्हावं लागलं, असं माझं मत आहे. पत्रेवाल्याला ती संधी मिळाली नाही.

मधलं शतक मी भरभर ओलांडतो. यंत्रं अचूक होत गेली, मापं बारीक होत गेली. होनिंगची गरज पडली ती मोटारगाड्यांमुळे. गाडीच्या इंजिनचा ब्लॉक वेडावाकडा असतो, तो फिरवून कोरता येत नाही. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स हील्डनं सिलिंडर घासणारं यंत्र काढलं. त्यात घासायचं चाक स्वतःभोवती फिरे आणि शिवाय भोकाच्या कडेनं प्रदक्षिणा घाली. तरी आतल्या भिंतीवर बारीक उंचसखल राहतच असे. ते काम गाडी घेणाऱ्यावर सोडलेलं असे. आपल्याकडेही जुन्या स्कूटरवाल्यांना विचारा: "नवी गाडी आहे, पहिले काही शे किलोमीटर हळू चालवा." त्या हळू चालवण्यात पिस्टनच्या रिंगाच सिलिंडरची भिंत घासून जमवून घेत असत.

१९२० च्या दशकात ते काम कारखान्यातच करायला होनिंग आलं. एडवर्ड अ‍ॅचिसनला १८९१ मध्ये कृत्रिम हिरे करायच्या नादात सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे कार्बोरंडम, सापडलं होतं. त्यामुळे स्वस्त, धारदार स्टोन मिळू लागले होते. आता इथं एक मजेशीर वळण आहे. होनिंगचं डोकं सांध्यावर लोंबतं असतं, ते मोकळं असतं. त्याला स्वतःची रेष नसते. ते नळीच्या भिंतीवरच विसंबून चालतं. म्हणजे ज्या कारणासाठी स्मीटनचं यंत्र बाद झालं, तीच गोष्ट दीडशे वर्षांनी मुद्दाम करायला घेतली! फरक इतकाच, की स्मीटनची गाडी आखूड होती आणि प्रत्येक खड्ड्यात उतरत होती. होनचे स्टोन लांब असतात, चहूबाजूंनी एकाच वेळी टेकतात आणि आधी उंचवटेच खातात. शिवाय त्यांच्या आधी विल्किन्सनच्या वंशातल्या कुठल्या तरी यंत्रानं भोक सरळ केलेलं असतं. म्हणूनच भोक जागेवरून सरकलेलं असेल तर होनिंगला ते दुरुस्त करता येत नाही. अनेक भांडणं इथं होतात. ग्राहक म्हणतो होनिंग वाकडं केलं. होनिंगनं नळीत आधीपासून असलेल्या वाकड्या रेषेचा इमानानं पाठलाग केलेला असतो.

महाराष्ट्रात हे तंत्र शेतातून आलं, असं म्हटलं तर चालेल. विहिरीवरची मोट जाऊन ऑइल इंजिन आलं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं आणि सुटे भाग बनू लागले. इंजिन म्हटलं की झीज आली आणि झीज आली की 'रीबोअर'. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ 'रीबोअरिंग अँड होनिंग' अशी पाटी अजूनही दिसते. तिथले मिस्त्री हातातल्या ड्रिल मशीनला होन लावून, वरून रॉकेल सोडत, कानानं काम करायचे. स्टोन कापत असेल तर आवाज भरीव येतो. स्टोनची धार बोथट होऊन तो चकचकीत झाला, म्हणजे 'ग्लेझ' झाला, की आवाज किणकिणता होतो आणि नुसता स्टोन फिरतो, कापत काहीच नाही. शिकाऊ पोरगा अशा वेळी दाब वाढवतो. मिस्त्री स्टोन बदलतो किंवा त्याचं तोंड उघडून घेतो.

हायड्रॉलिकच्या लांब नळ्यांचं काम मोठ्या आडव्या मशीनवर होतं, आणि तिचे आजार वाचायचे तर भोकाचा आकार वाचावा लागतो. स्टोन प्रत्येक फेरीत नळीच्या तोंडातून साधारण एक तृतीयांश बाहेर यावा, असा ठोकताळा आहे. फार बाहेर आला तर उरलेल्या भागावर दाब एकवटतो आणि तोंड सनईसारखं फाकतं. त्याला 'बेल माउथ' म्हणतात. कमी बाहेर आला तर टोकं आवळलेली राहतात आणि पोट सुटतं. पातळ नळी पकडीत करकचून आवळली तर ती दबलेल्या अवस्थेत गोल होते. पकड सोडली की नळी आपल्या मूळ आकारात परत जाते आणि भोक अंडाकृती होतं. मशीनवर मोजलं तर पास, टेबलावर मोजलं तर नापास. गरम नळीचंही तेच. घासून नळी वीस अंशांनी तापली असेल तर १०० मिलिमीटरचं भोक सुमारे २३ मायक्रॉननं मोठं दिसतं. ५४ मधले २३ हवेतच गेले.

आणि एक आजार मला नेहमी विलक्षण वाटत आलाय. सिलिंडर होन करणाऱ्या जुन्या मशीनचं डोकं पुढेमागे करायला आत एक हायड्रॉलिक सिलिंडरच असतो. त्याच्या तेलात हवा शिरली की डोकं झटके देत चालतं. त्याचं सील गेलं की फेरी रेंगाळते. डॉक्टरलाच तो रोग असतो, आणि तो पेशंटच्या अंगावर दिसतो.

भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये एका उन्हाळ्यात हेच झालं. टिपरचे १०० बोअरचे सिलिंडर चालू होते. दुपारनंतरच्या नळ्या एका टोकाला फाकायला लागल्या. सकाळच्या ठणठणीत. सकाळी एक ऑपरेटर, दुपारी दुसरा. दुपारचे ऑपरेटर सोलापूरकडचे, पन्नाशीच्या पुढचे. त्यांना सगळे मामा म्हणत. निष्कर्ष काढायला ऑफिसला पाच मिनिटंही लागली नाहीत. तपासणीच्या नोंदवहीत ऑपरेटरचं नाव लिहायला रकाना होता, तेलाचं तापमान लिहायला नव्हता. मग वहीतून जे दिसायचं तेच दिसलं. बाद झालेल्या नळ्यांचे पैसे मामांच्या पगारातून कापायला सुरुवात झाली. तीन आठवडे हे चाललं.

मामांनी वाद घातला नाही. ते एक दिवस दोन तास लवकर आले आणि सकाळची शिफ्ट चालू असताना मशीनच्या सरकपट्टीवर, डोकं जिथून मागे फिरतं तिथं, खडूनं रेघ मारून ठेवली. दुपारी चार वाजता मला हाक मारली. "इकडं ये, हे बघ. सकाळची रेघ ही. आता कुठनं फिरतंय बघ." डोकं रेघेच्या पुढे चांगलं बोटभर जाऊन मागे फिरत होतं. "ही रेघ मी सरकवली का? शेठला सांग."

पुढचा शोध सोपा होता, कारण आता माणसाऐवजी मशीनकडे बघायचं ठरलं होतं. टाकीतल्या तेलाला हात लागत नव्हता, इतकं ते तापलेलं. गरम तेल पातळ होतं, वेग ठरवणाऱ्या व्हॉल्व्हमधून जास्त जातं, डोक्याचा वेग वाढतो आणि उलटं फिरायच्या आधी ते जास्त पुढे घसरतं. मग दोन्ही टोकं का नाही फाकली? सिलिंडरच्या एका बाजूला दांडा असतो, तो जागा अडवतो. तेवढ्याच तेलात त्या बाजूनं भरताना दट्ट्या जास्त वेगानं जातो. म्हणून घसरणही त्याच टोकाला जास्त. तेल तापत होतं कारण कूलरच्या नळ्यांमध्ये बोअरवेलच्या पाण्याचा क्षार खडीसारखा जमला होता. सकाळी आठला मशीन गार असे, दुपारी दोनपर्यंत तेल तापून गेलेलं असे. सकाळचा ऑपरेटर दुपारी उभा केला असता तर त्याच्याही नळ्या फाकल्या असत्या, आणि हे करून बघायला एक दिवस पुरला असता. कुणी बघितलं नाही.

कूलर खोलून साफ केला, नळ्या सुधारल्या. कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. हिशेब बंद झालाय, असं ऑफिसनं सांगितलं. मामा दिवाळीपर्यंत थांबले आणि मग चाकणला दुसरीकडे गेले. जाताना खडूचा तुकडा मशीनच्या कप्प्यात ठेवून गेले. नवा ऑपरेटर रोज सकाळी रेघ मारायचा, त्याला ती का मारायची ते मी सांगितलं होतं.

आता तो प्रकारही मागे पडत चाललाय. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला, आणि कार्बोरंडमच्या जागी हिऱ्याचे कण असलेले स्टोन येत गेले. ते झिजतच नाहीत म्हटलं तरी चालेल. नव्या नळ्या तर बऱ्याच ठिकाणी होनिंगला जातच नाहीत. धारदार पात्यांनी आतली भिंत सोलून लगेच रोलरनं दाबून गुळगुळीत करतात. जे काम होनिंगला तासभर घेई, ते काही मिनिटांत उरकतं. होनिंग उरलंय मुख्यतः इंजिनांत आणि दुरुस्तीत. गळीत हंगामाच्या तोंडावर ऊसतोडणी यंत्रांचे सिलिंडर उतरवले जातात, तेव्हा अजून त्याच रेघांची जाळी पाडावी लागते.

मागच्या वर्षी एका ओळखीच्या शॉपमध्ये नवी होनिंग मशीन बघायला गेलो होतो. डोकं पुढेमागे करायला तिच्यात हायड्रॉलिक सिलिंडर नाही, सर्व्हो मोटर आहे. तेल तापलं म्हणून तिची फेरी बोटभर पुढे जाणार नाही. पुढे मोठी स्क्रीन होती. मोटरवरचा भार, डोक्याचा वेग, स्टोनचा दाब, कूलंटचं तापमान, सगळं त्यात नोंदलं जातं. तापमानाचा आकडा बघायचा असेल तर तीन मेन्यू आत जावं लागतं. मशीन चालू केल्यावर पहिल्या पानावर एकच चौकट येते, आणि ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती ऑपरेटरच्या नावाची आहे.